तीन घंट्या आणि एक खट्

ता. ५ मे

मास्तर,

ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग आणि मग नुसतं खट्. साठ वर्षं मी तो आवाज ओळखतो. तुझ्या वडिलांच्या सायकलची ती घंटी. आतली स्प्रिंग गंजलेली, त्यामुळे तीनदा वाजायची आणि चौथ्यांदा तिचा जीव जायचा. पुढे तू सायकली बदलल्यास, पण घंटी तीच ठेवलीस. मे महिन्याचा पहिला रविवार, अजून ऊन तापलेलं नाही, गल्लीतली कुत्री आळस देताहेत आणि माझ्या खिडकीखाली ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग, खट्. त्या आवाजाला मी अंथरुणातून उठायचो तो थेट अकरा वर्षांचा होऊन.

परवाच्या रविवारी मी साडेपाचलाच तयार होतो. डोक्यावर टोपी, पिशवीत सहा उकडलेली अंडी, कागदाच्या पुडीत मीठ, कवितांची वही. खिडकी सताड उघडी. सहा वाजले, सात वाजले. आठला मी स्वतःची समजूत घातली की तुझं चाक पंक्चर झालं असेल. नऊला फोन केला, तू उचलला नाहीस. दहाला टोपी काढली. ती अंडी मी दोन दिवस एकट्याने खाल्ली आणि प्रत्येक अंड्याबरोबर तुला एक शिवी दिली.

काल चष्मेवाल्याने फोटो पाठवला. खाली लिहिलंय, ‘मजा आली’. तो कोणाला पाठवायचा होता आणि कोणाला गेला याचं त्याला भान नाही. गावाचे चष्मे करता करता आपल्या या दोस्ताच्या स्वतःच्या डोळ्यांची वाट लागली आहे. फोटोत जुन्या खाणीचं आपलं तळं आहे. चष्मेवाला हातात अर्धं कलिंगड धरून हसतोय. तू गळ्यात शिट्टी अडकवून उभा आहेस, जणू अजून नोकरीत आहेस. आणि ज्या सपाट दगडावर मी साठ वर्षं बसत आलो, त्यावर तुझी पिशवी ठेवलेली आहे. पिशवी.

कारण सांगायची गरज नाही, मला कळलं. माझा गुडघा. मागच्या वर्षी खाणीच्या पायऱ्या उतरताना तुला माझा हात धरावा लागला, तेव्हाच तुझा चेहरा पडला होता. ओझं झालो मी. मग तसं तोंडावर सांगायचं होतंस. चाळीस वर्षं टपालात छाटणीच्या टेबलापाशी उभा राहून मी दुसऱ्यांची पत्रं खणांत टाकली. वाईट बातमीचं पाकीट हाताला कसं लागतं ते मला कळतं. तू मला पाकीटसुद्धा पाठवलं नाहीस.

आणि तुझी नात. फोटोत तुम्ही दोघं दात काढताय आणि भिंगरी काठावर हाताची घडी घालून, गाल फुगवून, कोरड्या केसांनी बसली आहे. तिला काय झालंय ते मी सांगतो. मागच्या वर्षी तिच्या दहाव्या वाढदिवसाला त्याच दगडावर उभं राहून मी माझी कविता म्हटली. पोरीने ती तिथल्या तिथे पाठ केली.

बुडे सखा तो खोल जळी, हाक विरे ओठांत
झेप घेतली मी तेव्हा काळाच्या जबड्यात

सातवीत लिहिलेली कविता. हेडमास्तरांनी भर सभेत मला पेन दिलं होतं. यंदा पोरीला ती ऐकायला मिळाली नाही, म्हणून ती रुसली. आपल्यातलं कोण आलेलं नाही हे मुलांना कळतं. तुम्हा दोन थेरड्यांना कळलं नाही.

ज्याला मी पाण्यातून बाहेर काढलं, त्याने मला असं कोरड्यावर सोडून जावं याची मला चीड आली आहे. उत्तर पाठव. पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतोय. ती तीनला उघडतात, म्हणजे परवा तुझ्या हातात पडेल. मिळालं नाही म्हणायची सोय नाही.

कवी

*

ता. ९ मे

कवी,

पत्र मिळालं. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. एकदाच लिहितो, नीट वाच.

गुडघ्याचा काही संबंध नाही. तुझे दोन्ही गुडघे गेले असते तरी पाठीवर घालून नेलं असतं. एकदा नेलंय. तुझी कविता नको होती म्हणून तुला नेलं नाही. घे, सांगितलं तोंडावर.

हिवाळ्यात भिंगरीने ती कविता तिच्या शाळेत म्हटली, हातवारे करून. शेवटी म्हणाली, यातला सखा म्हणजे माझे आजोबा. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. एप्रिलात सुट्टी लागली, तेव्हा तिला शिकवायला गावच्या पोहण्याच्या तलावावर नेलं. पोर पायरीवर बसली ती उठेचना. म्हटलं, उतर, मी आहे ना. तर म्हणते, “आजोबा, तुम्हीच बुडाला होता. आता बुडालात तर कोण काढणार? कवीआजोबा तर घरी आहेत.”

बाजूला पंधरा पोरं उभी होती. सगळी हसली.

त्या तलावावर पस्तीस वर्षं मी पोहायला शिकवलं. पाण्यातून किती जण बाहेर काढले ते मोजलं नाही, पण आत राहिलेला एकही नाही. आणि माझी स्वतःची नात माझा हात धरून पाण्यात उतरत नाही.

१४ जूनला माझा मुलगा बिऱ्हाड हलवतोय, समुद्राकाठच्या गावी. शाळेचं मैदान संपलं की पलीकडे पाणीच. पोर तिथे पोहता न येता जाणार. मला रात्री झोप नाही. म्हटलं, खाणीवर नेऊन बघू. तू नसशील, कविता नसेल, तर कदाचित उतरेल. नाही उतरली. फोटोत गाल फुगलेत ते त्यामुळे. तुझ्या कवितेसाठी नाही.

आता खरं काय ते. बुडालास तू. हिरव्या पायरीवरून घसरलास आणि उडी मी मारली. तुझ्या कानामागे पायरी लागली, खूण असेल अजून, हात लावून बघ. तुझ्या वडिलांनी तुला पाण्याजवळ जायची बंदी केली होती. बाहेर आल्यावर तू लटपटत होतास ते पाण्याने नव्हे, वडिलांच्या भीतीने. मी म्हटलं, सांग घरी, मी पडलो आणि तू काढलंस, म्हणजे तुला मार बसणार नाही. दोघांनी आपापल्या घरी तसंच सांगितलं. इथपर्यंत आपलं ठरलं होतं. कविता ठरली नव्हती.

भिंगरीला मी स्वतः कसं सांगू? म्हणेल, आजोबा फुशारकी मारताहेत. तू ये. माझ्यासमोर, तिच्यासमोर उभा राहा आणि सांग. नाहीतर येऊच नको.

मास्तर

*

ता. १२ मे

स. न. वि. वि.

आपले ९ तारखेचे पत्र पोचले.

हे असं लिहायला हात वळत नाही, पण तुझी तीच लायकी आहे. साठ वर्षं दर उन्हाळ्यात मी त्या दगडावर उभा राहून ती कविता म्हटली. साठ वर्षं तू समोर बसून टाळ्या वाजवल्यास. एकदा तर ‘पुन्हा’ म्हणालास. आणि आता नात घाबरते म्हणून तुला आठवलं की उडी तू मारली होतीस? पस्तीस वर्षं पाण्यात काढून तुझ्या डोक्यात पाणी गेलं आहे.

कानामागची खूण म्हणे. ती मी पाळण्यातून पडलो तेव्हाची आहे. पाण्यात मी उतरत नाही ते कान फुटायचा म्हणून, हे तुलाही ठाऊक आहे.

मला आठवत नाही असं तुला म्हणायचंय? मला जेवढं आठवतं तेवढं तुम्हा कोणालाच आठवत नाही. वर्गात कविता शिकवताना गुरुजी खिडकीबाहेर बघायचे, तेही मला आठवतं. आणि तो दिवस तर डोळे मिटले की समोर येतो. चहूकडे हिरवं पाणी. वर उंच थरथरणारा सूर्य, काचेमागे ठेवल्यासारखा. कानांत घूं असा आवाज. आणि तुझा हात, बोटं पसरलेला, माझ्याकडे येणारा. हे काय मी पुस्तकात वाचलं?

आणखी एक, आणि हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या हिच्या वडिलांना मी पसंत नव्हतो. टपालातला पोरगा, अंगात रक्त नाही, असं म्हणाले होते. तेव्हा तिने त्यांना सांगितलं, जो मित्रासाठी खाणीत उडी टाकतो त्याच्या अंगात रक्त असणारच. कवितेचा कागद ती जाईपर्यंत तिच्या उशाखाली होता. आता तू म्हणतोस म्हणून मी तिच्या फोटोसमोर उभा राहून काय सांगू? की तू चुकीच्या माणसाशी लग्न केलंस, करायचं ते मास्तरशी?

त्या दिवशी घरी फक्त ताई होती. तिला आजच लिहिलं आहे. ताई खोटं बोलत नाही आणि कोणाची भीड ठेवत नाही. तुझे कान तिने लहानपणी कमी पिळलेले नाहीत. तिचं उत्तर आलं की तुला पाठवतो. मग बघू कोणी कोणासमोर उभं राहायचं ते.

आपला (हे नुसतं लिहायचं म्हणून),

कवी

*

ता. १८ मे

बाब्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गच्चीवर गाद्या उन्हात घालत होते. वाचलं आणि तिथेच गादीवर बसले. सून म्हणाली, काय झालं, कोणी गेलं का? म्हटलं, नाही, माझ्या भावाची अक्कल गेली आहे.

तू विचारतोस, त्या दिवशी कोण बुडालं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणूस हे दुसऱ्याला विचारतो, याचाच मला राग आला आहे. तू बुडालास.

न्हाणीघरात तुझं डोकं मी धुतलं. केसांत शेवाळ होतं, बोटभर लांब, ओढून काढावं लागलं. तीन दिवस तुझ्या उशीला खाणीचा वास येत होता. आईला मी सांगितलं, उवांचं औषध लावलंय. कानामागे रक्त वाहत होतं, तिथे मी माझा शाळेचा रुमाल दाबून धरला. तो पुन्हा पांढरा झाला नाही. आणि पाळण्यातून पडले ती मी. खूण माझ्या कपाळावर आहे. तू माझं पडणंसुद्धा घेतलंस? मेल्या, निदान तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचंस.

तुझ्या त्या मित्राला त्याच्या बापाने सायकलच्या पंपाने बडवला. न विचारता सायकल नेली म्हणून आणि पाण्यात पडला म्हणून. चार दिवस तो वर्गात उभा होता, त्याला बसताच येत नव्हतं. त्या चार दिवसांत तू कविता लिहिलीस.

मी तेव्हाच तुझा कान धरायला हवा होता. पण बाबांनी जन्मात पहिल्यांदा तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. शेजारच्यांना बोलावून त्यांना तुझी कविता ऐकवली होती. तू इतका ताठ उभा होतास की माझ्याने बोलवलं नाही. ती माझी चूक, मी मान्य करते. पण मला वाटलं होतं, एक-दोन वर्षांत विसरशील. तू उलट खरंच मानून बसलास.

आता बायकोचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला आलात, आपण सगळे नदीवर गेलो, आठवतं? तू घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहून कविता म्हणत होतास. तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “ताई, हे गुडघ्याच्या पुढे पाण्यात जात नाहीत. मग उडी कोणी मारली?” मी खरं सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. म्हणाली, “जाऊ दे ताई. तेवढी एकच तर कविता चांगली झाली आहे त्यांची.” वर मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून. ती गेली, आता शपथ उरली नाही.

तेव्हा तिच्या फोटोसमोर उभा राहून तुला काही सांगायची गरज नाही. तिला ठाऊक होतं. आता ज्याला मार बसला त्याच्यासमोर जाऊन उभा राहा. हे पत्र त्याला दाखव, लपवू नकोस. मी त्याला फोन करून विचारणार आहे.

ताई

*

ता. २१ मे

चि. भिंगरी, अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे, तूच वाच. मोठ्यांना नंतर दे.

तू पाठ केलेली कविता खोटी आहे. बुडालो मी आणि उडी तुझ्या आजोबांनी मारली. मला हे दहा दिवसांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार होतो, पण तेही पूर्ण खरं नाही. मीच तुझ्या आजोबांना एका पत्रात लिहिलं की मला हिरवं पाणी आठवतं, वर उंच सूर्य दिसत होता आणि एक हात माझ्याकडे येत होता. पोस्टात टाकून घरी आलो, चहा ठेवला आणि गॅससमोर उभा असताना लक्षात आलं की काठावरून उडी मारणाऱ्याला सूर्य पाण्याच्या वर काचेमागे दिसत नाही. तो खाली असणाऱ्याला दिसतो. चहा उतू गेला. माझ्या ताईचं पत्र त्यानंतर आलं. तिने माझी उरलीसुरली लाज काढली.

मला स्वतःचा इतका राग आला आहे की वही फाडावीशी वाटते. नाही फाडली. ओळ तेवढी बदलायला बसलो. ‘झेप घेतली मी’ याच्या जागी ‘झेप घेतली त्याने’ घातलं की चाल मोडते. सकाळपासून बोटांवर मात्रा मोजतोय, बसत नाही. साठ वर्षं मी बहुधा त्यामुळेच ‘मी’ म्हणत आलो, कानाला बरं वाटायचं. मोडू दे चाल. तू म्हणशील तेव्हा मोडकीच म्हण.

तुझ्या आजोबांचाही दोष आहे, ते तुला कळायला हवं. मला मार बसू नये म्हणून उलटं सांगायचं त्यांनीच ठरवलं. मग साठ वर्षं समोर बसून टाळ्या वाजवल्या. एवढं चांगलं असू नये माणसाने, त्याने दुसऱ्याची सवय बिघडते.

पण पाण्यात त्यांचा हात सुटत नाही. हे मी पाण्याच्या आतून बघितलं आहे. जगात दुसरा कोणी हे इतक्या खात्रीने सांगू शकणार नाही.

कवीआजोबा

*

ता. २६ मे

कवी,

तुला म्हटलं होतं, ये आणि समोर उभा राहून सांग. पाय दुखत होते की तोंड? पुन्हा कागदच. तुझं कोणतंही काम कागदाशिवाय होत नाही. तेव्हा कविता, आता पत्र. आणि तेही परस्पर पोरीला.

काय झालं ते ऐक. तिने पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, झालं, आता येईल. शिट्टी गळ्यात घालून तयार झालो. तर माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” म्हटलं, हो. “मग शाळेत मी सगळ्यांसमोर म्हणत होते तेव्हा तुम्ही टाळ्या का वाजवल्या?” मी शिट्टी गळ्यातून काढली. म्हणाली, “मला खोटं बोलायला लावलंत. तुम्ही दोघांनी.” खोलीत गेली, दार लावलं. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. आईला सांगते, आजोबांना म्हणावं मीठ द्या. मी समोर बसलेला असतो.

आधी घाबरत तरी होती. आता चिडली आहे. १४ तारखेला किती दिवस उरले ते मोज. मात्रा मोजतोस ना?

ताईंचा फोन आला होता. तुझ्यापेक्षा मलाच जास्त शिव्या दिल्या. म्हणाल्या, तू गप्प का राहिलास? सगळे तेच विचारतात. घे, तुलाही सांगतो, पुन्हा विचारू नको. शाळेत मला कोणी कशातच घेतलं नाही. नाटकात नाही, गाण्यात नाही. अभ्यासात तर नाहीच. त्या कवितेत मी होतो. ‘सखा’ म्हणून होतो. बुडताना का होईना. तू भर सभेत म्हणत होतास आणि सगळी शाळा मागे वळून माझ्याकडे बघत होती. मला उभंच राहावं लागत होतं, पाठ ठणकत होती, तरी मला ते आवडलं. आवडलं म्हणून गप्प बसलो. पुढे इतकी वर्षं गेली की सांगणं बरं दिसेना. आता हस.

एवढं असूनही माझा राग गेलेला नाही. तुला मी सहज माफ करीन असं समजू नको. काल ती जेवताना आईला विचारत होती, कवीआजोबांना अजूनही पोहता येत नाही का? मी ताटाकडे बघत म्हणालो, दगडासारखं येतं. तेवढ्यावर ती हसली, मग आठवलं की बोलायचं नाही, आणि गाल फुगवले.

तू येऊ नको. आलास तर तिघं तीन दिशांना तोंड करून बसू. चष्मेवाल्याला काही सांगू नको, तो त्याचाही फोटो काढेल.

मास्तर

*

ता. ३१ मे, रविवार, सकाळ

मास्तर,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुन्हा कागदच म्हणाला असतास. आज लिहितोय, कारण माझाही राग संपलेला नाही आणि तो तुला कळायला हवा.

तुझी पाठ ठणकत होती आणि मी पेन घेत होतो, हे वाचल्यावर मी कपाट उघडून ते पेन काढलं. निब वाकडं झालंय, शाई केव्हाच वाळली आहे. ते तुझं आहे, तुझ्याकडे पोचवतो. पण माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. पस्तीस वर्षं तू या गावाला पोहायला शिकवलंस. बँकेतल्या साहेबाला शिकवलंस, त्या लठ्ठ डॉक्टरला शिकवलंस, चष्मेवाल्यालासुद्धा शिकवलंस, ज्याला काठ दिसत नाही. मला कधी एकदा तरी म्हणालास का, कवी, चल, उतर? दर उन्हाळ्यात तुम्ही दोघं पाण्यात दंगा करायचात आणि मी दगडावर वही घेऊन. तुम्हाला वाटायचं, याला कविता सुचते आहे. अरे, कसली कविता. मी तुमचे हात बघायचो, कसे मारता ते. अंथरुणात पालथं पडून तसे मारून बघायचो. ही विचारायची, काय चाललंय? मी म्हणायचो, मुंग्या आल्यात.

तू मला शिकवलं नाहीस, कारण मी पाण्यात उतरलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. माझं खोटं तू माझ्यापेक्षा जपलंस. आणि त्यापायी मी साठ उन्हाळे कोरडा राहिलो. याची माफी तू माग. मग मी माझी मागतो. ताईला विचार हवं तर, हिशेब सरळ आहे.

भिंगरीचं मात्र मला काही सुचत नाही. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एका पोरीचं पाणी तोडलं. तिला सांग की

थांब. खाली घंटी वाजली.

ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग, खट्.

मी उठलो नाही. म्हटलं, येऊ नको म्हणून लिहिणारा स्वतःच आला, बसू दे वाट बघत. साठ मे महिन्यांची एकदम पाहू दे. तर पुन्हा ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग, खट्, आणि या वेळी जरा चिडूनच. तू असा चिडून वाजवत नाहीस. उठून खिडकीतून बघितलं.

सायकल तुझी आहे. तू नाहीस. सीट पार खाली केलेली, आणि तरीही भिंगरीचा एकच पाय जमिनीला टेकतोय. एवढ्या लांबून एकटी आली आहे. तुला सांगून आली का ते माहीत नाही. तोंड अजून फुगलेलंच आहे. मी वरून म्हटलं, “भिंगरी, आजोबा कुठे आहेत?”

“तलावावर,” ती म्हणाली. “शिट्टी घालून बसलेत. मी त्यांच्याशी बोलत नाही. तुमच्याशीपण बोलत नाही. खाली या.”

“माझा गुडघा,” मी म्हटलं.

“पाण्यात गुडघा दुखत नाही. आजोबाच सांगतात सगळ्यांना.”

मग जिन्यावर तिची पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या चढत. आता दार ठोठावते आहे. हे पत्र मी पेटीत टाकत नाही, पेनाबरोबर खिशात घालून आणतोय. उघडायला जातो. वरून बघितलं तेव्हा तिच्या खांद्यावर दोन टॉवेल होते.